एक कोट, दोन सुया

बाईंना मदत करायला कोणी आलं, की बाई त्याला आधी चहा पाजत आणि मग वाटेला लावत. चहा चांगला असे, त्यामुळे जिना उतरून रस्त्यावर येईपर्यंत आपल्याला नकार मिळालाय हे त्या माणसाच्या लक्षातही येत नसे.

बाईंच्या संस्थेला मदतीची गरज नव्हती असं मुळीच नाही. संस्था म्हणजे तरी काय, बूटदुरुस्तीच्या दुकानावरच्या दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत लोखंडी नळ्यांवर टांगलेले कपडे आणि भिंतीला एक मोठा आरसा. आतल्या खोलीत इस्त्रीचं टेबल, आणि टेबलामागे बाईंची नणंद. बाई तिला वन्सं म्हणत, आणि ते ऐकून ऐकून येणारे-जाणारेही वन्संच म्हणू लागले होते. नोकरीच्या मुलाखतीला जायचंय पण अंगावर घालायला धड काही नाही, अशा माणसाने इथे यायचं, मापाचे कपडे निवडायचे, वन्संची इस्त्री होईपर्यंत थांबायचं आणि ताठ मानेने जिना उतरायचा. नोकरी लागली तर कपडे ठेवून घ्यायचे, नाही लागली तरी ठेवून घ्यायचे.

अट एकच. कपडे कुठून आले हे कोणाला सांगायचं नाही. म्हणून दारावर पाटी नव्हती आणि पिशव्यांवर नाव नव्हतं. बाई म्हणत, "कपडे मागून आणलेत हे एकदा समोरच्याला कळलं, की तो माणसाकडे बघायचं सोडून कपड्यांकडेच बघत बसतो." याच कारणाने त्यांनी खालच्या बूटवाल्यालाही परतवून लावलं होतं. बिचारा एवढंच म्हणत होता, की तुमच्या माणसांचे बूट मी फुकट चमकवून देतो. बाई म्हणाल्या, "आज चमकवाल, उद्या गिऱ्हाइकांना सांगत बसाल." त्यानंतर कितीतरी दिवस बूटवाला जिन्याकडे पाठ करून बसायचा.

समोरच्या नाट्यगृहाचा मॅनेजर तर दोन कप चहा पिऊन गेला होता. त्याचं म्हणणं, आमच्याकडे कपड्यांनी भरलेलं अख्खं तळघर आहे, तुमच्याकडे गरजू माणसं आहेत, आपण मिळून काहीतरी करू. 'मिळून' म्हटल्याबरोबर बाईंच्या कपाळाला आठी पडली. नाटक सुरू व्हायच्या आधी कोणीतरी माइकवरून संस्थेचे गोडवे गातंय, आणि तिसऱ्या रांगेत आपला एखादा उमेदवार अंग चोरून बसलाय, असं चित्र त्यांच्या डोळ्यांपुढे उभं राहिलं. मॅनेजर गेल्यावर वन्सं आतून म्हणाल्या, "वहिनी, कोणाबरोबर काम करायचं म्हटलं की तुमचं तोंड कडू का होतं हो?"

"आपलं आपण बघू," बाई म्हणाल्या.

आणि बघतही होत्या त्या, अगदी लंबू येईपर्यंत.

लंबू दारातून वाकून आत आला आणि सरळ होताना त्याचं डोकं दिव्यावर आपटलं. दिवा हलायला लागला, तो धरायला बाई धावल्या, आणि या धांदलीत त्याने सांगितलेलं नाव हवेतच राहिलं. वन्संनी त्याला लंबू म्हणून टाकलं. तोही हसून म्हणाला, "चालेल की, घरीही तेच म्हणतात." काचसामानाच्या एका गोदामात पेट्या भरण्यात त्याचं अर्धं आयुष्य गेलं होतं. ते गोदाम बंद पडलं त्याला वर्ष उलटून गेलं. तेव्हापासून तो धाकट्या बहिणीच्या घरी राहत होता, बाहेरच्या खोलीतल्या सोफ्यावर, जो त्याच्या गुडघ्यांपाशीच संपायचा.

"मेहुणे काही बोलतात का?" वन्संनी विचारलं. असले प्रश्न विचारायला वन्संना कधीच संकोच वाटत नसे.

"एक शब्द नाही. तेच जड जातं," लंबू म्हणाला. "सकाळी मला जाग येऊ नये म्हणून अनवाणी फिरतात. स्वतःच्या घरात माणूस चोरपावलांनी चालतो, आणि ते माझ्यामुळे."

शुक्रवारी त्याला संग्रहालयात मुलाखतीला बोलावलं होतं. जुन्या काचेच्या आणि चिनीमातीच्या भांड्यांचं ते छोटं संग्रहालय, तिथे दालन सांभाळायला माणूस हवा होता. काचेत हयात घालवलेल्या माणसाला याहून बरी नोकरी ती कोणती! पण आजवरच्या सगळ्या मुलाखतींना तो मेहुण्यांचा कोट घालून गेला होता, आणि सगळीकडे लोक त्याच्या उघड्या मनगटांशीच बोलले होते.

"हीपण हुकली तर बहिणीला सांगणार आहे, दुसऱ्या गावी काम मिळालं म्हणून. आणि निघणार," तो म्हणाला. "कुठे जायचं ते अजून ठरवलं नाही."

हे त्याने हसत हसत सांगितलं.

बाईंनी सगळ्या नळ्या पालथ्या घातल्या. आता असं आहे, की लोक कपडे देऊन टाकतात ते अंगात मावेनासे झाले म्हणून. म्हणजे बाईंकडचा सगळा माल कोणाच्या ना कोणाच्या बारीकपणीचा. उंची मात्र मोठेपणी कोणाची वाढत नाही, त्यामुळे उंच माणसं आपले कोट झिजेपर्यंत वापरतात आणि बाईंकडे काही येत नाही. एका कोटाच्या बाह्या उसवून त्यांनी दुसऱ्या कोटाला जोडून पाहिल्या. लंबूच्या अंगावर तो चढवल्यावर वन्संनी इस्त्री बाजूला ठेवली आणि खुर्चीत बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसून घेतलं. लंबूही हसला. बाई हसल्या नाहीत.

"वहिनी, समोर जा," वन्सं डोळे पुसत म्हणाल्या. "अहंकार नंतर घडी करून ठेवू. इस्त्रीही करून देते."

रस्ता एवढासा, पण तो ओलांडायला बाईंना आणखी एक दिवस लागला.

नाट्यगृहाच्या तळघरात कपडेपटाचे मास्तर बसले होते. चणीने एवढेसे, डोक्यावर चष्मा, गळ्यात टेप आणि ओठांत टाचण्या. त्यांनी बाईंच्या हातातली मापाची चिठ्ठी वाचली आणि छताकडे पाहिलं.

"माणूस आहे का शिडी?"

"माणूस आहे, आणि भला आहे," बाई म्हणाल्या.

"भल्या माणसाच्या मापाचं आहे आपल्याकडे." मास्तर कपड्यांच्या गर्दीत शिरले आणि एक राखाडी सूट घेऊन बाहेर आले. "एवढाच उंच एक नट होता आमचा. न्यायाधीशाचं काम करायचा. त्याला इकडे घेऊन या, अंगावर घालून बघतो. चालवून बघू, बसवून बघू."

"माझी माणसं मी कोणाच्या तळघरात उभी करत नाही," बाई म्हणाल्या. "माप दिलंय. त्यावर जे करायचं ते करा."

"बरं, मग मी येतो तुमच्याकडे."

"नको. लोकांना दिसेल."

"काय दिसेल? शिंपी?"

"नाटकातला शिंपी. मग लोक विचारतात, याचं इथे काय काम."

मास्तरांना हे लागलं. आयुष्यभर राजे आणि भिकारी एकाच सुईने शिवलेला माणूस तो, त्याला कोणी दारातून आत घ्यायला लाजावं? खरं तर त्या घडीला मास्तरांनी तोंड उघडलं असतं तर पुढचं काहीच झालं नसतं. पण तोंडात टाचण्या आणि मनात राग, अशा वेळी कोणाच्याही तोंडून शब्द फुटत नाही. त्यांनी सूट पिशवीत घातला, पिशवी बाईंच्या हातात दिली आणि पुन्हा मशीनवर बसले. बाईंनीही काही विचारलं नाही. विचारलं असतं तर आणखी थोडं देणं लागलं असतं, असं त्यांचं गणित.

दुसऱ्या दिवशी लंबूने तो सूट चढवला. खांदे जिथल्या तिथे. बाह्या मनगटापर्यंत, पुढे पांढरी कड दिसेल इतक्याच. आरशात एक भारदस्त गृहस्थ उभा होता, आणि तो आपणच आहोत यावर लंबूचा विश्वास बसेना. त्यातून गंमत अशी, की कोट, शर्टाचा पुढचा भाग आणि टाय हे सगळं एकत्रच शिवलेलं होतं. समोरून हात घालायचे आणि पाठीवरची वेल्क्रोची पट्टी कोणीतरी दाबून द्यायची, की झालं. वरून कापडाची अशी झालर होती की पट्टीचा मागमूसही लागत नव्हता.

"बघा, काय सोय आहे!" बाई खूश झाल्या. "आपल्या निम्म्या लोकांना टाय बांधता येत नाही. हे म्हणजे फारच छान."

"मागून बंद होणारा कपडा मी फक्त दवाखान्यात पाहिलाय," वन्सं म्हणाल्या.

"तुमचं आपलं काहीतरीच."

लंबू बसू का म्हणून खुर्चीकडे वळला, तर बाईंनी त्याला तिथल्या तिथे थांबवलं. इस्त्री केलेल्या कपड्यांत बसायचं नाही, हा या खोल्यांचा कायदाच होता. मुलाखतीचं दार उघडेपर्यंत उभं राहायचं. वन्संची मेहनत सुरकुतली तर वन्सं दोन दिवस बोलत नसत.

शुक्रवारी सकाळी लंबू आला, सूट घालून गेला. पट्टी बाईंनी स्वतः दाबून दिली. तो वळणावरून दिसेनासा होईपर्यंत त्या खिडकीत उभ्या होत्या. मग जिन्यावर पावलं वाजली आणि दारात मास्तर उभे. रागवायचं ते रागवून झालं होतं, पण आपला कपडा कसा बसला हे पाहिल्याशिवाय त्यांना चैन पडेना.

"गेला का? अरेरे. कसा दिसत होता?"

"राजबिंडा," वन्सं म्हणाल्या.

मास्तर खुलले. "दिसणारच. त्याला नीट सांगितलंत ना, बसायचं नाही, वाकायचं नाही, खांदे ताणायचे नाहीत?"

बाईंनी विचारलं, "मुलाखतीत बसायचं नाही?"

"अहो, तो झटपट बदलायचा कोट आहे! न्यायाधीश भर कोर्टात चोर होतो त्या नाटकात. जरा खांदे ताणले की चर्रर्र करून मागून उघडतो आणि कोट, शर्ट, टाय एका झटक्यात खाली. आत चोराचा वेष असायचा." मास्तर थबकले. "याच्या आत काय आहे?"

"बनियन," वन्सं म्हणाल्या. "त्यालाही भोक आहे. मी पाहिलंय."

"हे तुम्ही मला सांगितलं का नाहीत?" बाई ओरडल्या.

"तुम्ही विचारलं का नाहीत? आणि बसवून बघू म्हटलं तर मला वर येऊ दिलंत का?"

पण भांडायला वेळ नव्हता. बाईंनी वन्संच्या डब्यातून सुई उचलली, मास्तरांची सुई त्यांच्या कॉलरला टोचलेलीच असे, आणि दोघं जिना उतरून पळत सुटले. म्हणजे सुटणार होते. खालच्या पायरीवर मास्तरांनी खिशातलं रीळ काढलं आणि कपाळावर हात मारला. "हा तर कच्चा दोरा. एका प्रयोगापुरता."

बूटवाल्याने सगळं ऐकलं होतं. वरच्या खोलीतलं भांडण ऐकू येणार नाही असं त्या इमारतीत शक्यच नव्हतं. त्याने मेण लावलेल्या दोऱ्याचं रीळ काउंटरवरून बाईंकडे फेकलं. "घ्या. बुटाचा तळ धरतो, कोट काय चीज आहे!"

बाईंनी ते झेललं आणि, काय सांगावं, "थँक यू" म्हणाल्या. बूटवाला हातातला हातोडा तसाच धरून बघत राहिला.

संग्रहालय दोन गल्ल्या सोडून होतं. बाईंचं वय धावायचं नव्हतं आणि मास्तरांचे पाय धावायला पुरेसे लांब नव्हते, तरी दोघं वेळेत पोचले. वरच्या मजल्यावरच्या बोळात बाकांवर उमेदवार बसले होते, आणि बाकांच्या टोकाला, भिंतीला पाठ लावून, ताठ उभा होता लंबू. बाईंनी सांगितलं होतं म्हणून तो इतका वेळ बसला नव्हता. बाईंना त्याच्याकडे बघून भरून आलं. मग त्यांनी त्याला काय प्रकार आहे ते कानात सांगितलं, आणि लंबूचा चेहरा चिनीमातीचा झाला.

"हलू नकोस, श्वासही बेताने घे," मास्तर म्हणाले आणि बाकावर चढले, त्याशिवाय त्यांचा हात कॉलरपर्यंत पोचेना. "मी वरून खाली येतो. बाई, तुम्ही खालून वर या. टाका जवळ जवळ."

"मला टाका घालायला शिकवू नका."

"नाही शिकवत. फक्त घाला."

मग दोघं शिवू लागले. एका उमेदवाराने बाजूला सरकून उजेड मोकळा केला. दुसरा न सांगता जिन्याकडे तोंड करून आडोशाला उभा राहिला. खरं तर हे सगळे एकाच जागेसाठी आलेले, पण पाठ उघडी पडलेल्या माणसाकडे बघून कोणालाच जिंकावंसं वाटेना. मास्तरांचे टाके सरळ, बाईंचे तिरपे पण घट्ट. लंबूच्या पाठीच्या मध्यावर दोघांची बोटं एकमेकांना लागली. मास्तर बाकावरून खाली उतरले, मागे सरून त्यांनी पाहिलं आणि मान डोलावली. "बाई, तुमचा हात चांगला आहे."

बाई खूश होऊन हात मागे घ्यायला गेल्या, आणि हात आलाच नाही. स्वेटरची बाही मनगटापाशी कोटाला शिवली गेली होती.

"पुढचे!" शिपायाने दार उघडून हाक दिली, आणि ती लंबूसाठीच होती.

मास्तरांनी आयुष्यात कधी दोरा कात्रीने तोडला नव्हता, दातांनीच तोडायचे. ते वाकले आणि चावले. पण दोरा बुटाचा. दात हलले, दोरा हलला नाही.

"येताय ना? मॅडम वाट बघतायत," शिपाई म्हणाला.

लंबूने एकदा मागे पाहिलं, एकदा दाराकडे पाहिलं, आणि तो निघाला. त्याच्यामागे एक हात पुढे करून बाई, आणि बाईंच्या मनगटाशी वाकलेले मास्तर, अशी ती वरात मुलाखतीच्या खोलीत शिरली.

टेबलापलीकडे तिघं होते, मधे चष्मेवाल्या मॅडम. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला. चित्र बदललं नाही.

"उमेदवार कोण?"

"मी," लंबू म्हणाला.

"आणि ह्या?"

"मावशी!" बाई म्हणाल्या. नेमक्या त्याच क्षणी मास्तर म्हणाले, "शेजारीण!" बाईंनी त्यांच्या पायावर पाय दिला.

"बसा," मॅडम लंबूला म्हणाल्या.

"बसता येत नाही, मॅडम."

"का बरं?"

लंबूने मान वळवून बाईंकडे पाहिलं. बाईंनी डोळ्यांनीच त्याला विनवलं, नको सांगू. कंबर दुखते म्हण, पाय आखडलाय म्हण, काहीही म्हण. या एका गोष्टीपायी त्यांनी पाटी लावली नव्हती, मॅनेजरला परत पाठवलं होतं, मास्तरांना जिना चढू दिला नव्हता. आणि आता त्यांच्याच हाताने ते भर खोलीत आणून ठेवलं होतं.

"खरं तेच सांगतो," लंबू म्हणाला. "हा कोट समोरच्या नाट्यगृहाचा आहे. न्यायाधीशाचा. तो या मास्तरांनी दिला. मिळवून दिला या बाईंनी. माझ्यासारख्यांना मुलाखतीला जाता यावं म्हणून त्या कपडे देतात, आणि कोणाला सांगत नाहीत. कोट मागून उघडत होता, म्हणून दोघांनी आत्ता बाहेर उभ्या उभ्या शिवला. दोरा बूटवाल्याचा आहे, तो तुटत नाहीये, आणि त्यात बाईंची बाही अडकली. मी बसलो तर बाई पडतील." तो थांबला आणि जरासं हसला. "माझं स्वतःचं म्हणाल, तर यातला मी तेवढा आहे."

मग टोकाच्या गृहस्थांनी रुमालात तोंड लपवलं, आणि त्यांचे खांदे हलायला लागले. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी खण उघडला, कात्री काढली आणि टेबलावरून बाईंपुढे सरकवली.

बाईंनी लोकरीची बाही मनगटाला धरून कापली. स्वेटर वन्संनी विणलेला होता, त्याचा हिशेब घरी द्यावा लागणार होता. तुकडा कोटालाच राहिला. मग त्या आणि मास्तर बाहेर आले, आणि दार लागलं.

दोघं बोळातल्या बाकावर टेकले.

"घालवली मी त्याची नोकरी," बाई म्हणाल्या. "तुम्हाला वर येऊ दिलं असतं, तुम्ही त्याला एकदा बसवून पाहिलं असतं, तर पाच मिनिटांचं काम होतं."

"मीही रुसून बसलो," मास्तर म्हणाले. "कोटाची खोड मला ठाऊक होती. न विचारता सांगायला माझं काय जात होतं?"

"ते लोक आता त्याच्याकडे बघणारच नाहीत. कोटाकडेच बघतील."

"कोण जाणे. तो बोलत होता तेव्हा मी त्यांच्या तोंडांकडे बघत होतो, प्रेक्षक बघायची सवय आहे ना. कोटाकडे एकाचंही लक्ष नव्हतं."

बाई कापलेल्या बाहीचे धागे ओढत बसल्या, आणि बाही आणखी उसवत गेली. लंबू बाहेर आला, 'थांबायला सांगितलंय' एवढंच म्हणाला आणि सवयीने भिंतीला पाठ लावून उभा राहिला. बाकीचे उमेदवार एकेक करून आत गेले नि बाहेर आले. जाताना प्रत्येक जण लंबूच्या दंडावर थोपटून जात होता. बाईंना वाटलं, हे सांत्वनच चाललंय.

मग दार उघडलं आणि मॅडम स्वतः बाहेर आल्या.

"आमच्याकडे दर वर्षी काहीतरी फुटतं," त्या बाईंना म्हणाल्या. त्या लंबूशी न बोलता आपल्याशी का बोलतायत हे बाईंना कळेना. "फुटणारच, काच आहे. पण कोणी सांगत नाही. तुकडे पडद्यामागे सापडतात, एकदा तर एका सुरईतच सापडले. सगळे भले लोक, पण लाज वाटते त्यांना. वेळेवर सांगितलं तर जोडता येतं हो, लपवलं की तुकडे हरवतात." त्यांनी लंबूकडे पाहिलं. "नोकरीसाठी आलेला माणूस माझा कोट मागून फाटका आहे असं आपणहून सांगतो, तो कप फुटला तर पळत येऊन सांगेल. सोमवारपासून या तुम्ही."

लंबूने दोन्ही हातांनी तोंड झाकलं, आणि एवढा मोठा माणूस तिथे बोळात मुसमुसून रडला. मास्तरांचा हात त्याच्या खांद्यापर्यंत पोचत नव्हता, म्हणून ते त्याच्या कोपरावर थोपटत राहिले. त्यांचेही डोळे वाहत होते आणि ते पुसायचे त्यांनी कष्ट घेतले नाहीत.

"आणखी दोन जागा निघणार आहेत," मॅडम बाईंना म्हणाल्या. "तुमच्याकडे येणाऱ्यांपैकी कोणी असेल तर पाठवा ना. तुमचं नाव, पत्ता काय?"

बाईंनी इतक्या वर्षांत हा प्रश्न शंभरदा चहात बुडवला होता. आता त्यांनी खोल्यांचा पत्ता सांगितला, बूटवाल्याच्या दुकानाच्या खुणेसकट. "पाठवते," त्या म्हणाल्या. "पण आधी मास्तर त्यांना आमच्याकडे बसवून, वाकवून, चालवून बघतील. मग पाठवते. मास्तर, येणार ना?"

"वरपर्यंत?" मास्तरांनी विचारलं.

"वरपर्यंत. आणि तुमच्या मॅनेजरलाही आणा. त्याला सांगा, या वेळी चहा पिऊन झाल्यावर बसायचंय."

मॅडम आत गेल्या. तिघं जिना उतरू लागले. मधल्या वळणावर लंबू थांबला.

"बाई, रागावलात का? तुमची अट मोडली मी. सगळं सांगून टाकलं."

बाईंनी मान हलवली. "मला वाटायचं, मी तुमची लाज झाकतेय," त्या म्हणाल्या. "तुम्हाला लाज नव्हतीच. ती माझी होती." मग त्यांना एकदम हसू आलं, आणि पहिल्या दिवसापासून दाबून ठेवलेलं सगळं हसू जिनाभर झालं. जोडलेल्या बाह्यांच्या कोटाचंसुद्धा त्या आत्ता हसल्या.

"आता कोटाचं बोला," मास्तर नाक पुसत म्हणाले. "अरे लंबू, सोमवारी गणवेश मिळेल, पण आज हा अंगातून निघायचा नाही. मेणाचा दोरा आहे, दोघांनी शिवलाय. माझ्याकडे येऊन कापावाच लागेल. चल, आत्ताच उसवून टाकतो."

"उद्या येतो, मास्तर," लंबू म्हणाला. "आज घरी असाच जातो. बहिणीला आणि मेहुण्यांना दाखवायचाय, पुढून आणि मागूनही."